चहात टाकायची पावडर

पलूस तालुक्यात एका गावात माझं मेडिकलचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. महिन्यातून एक तरी बाई अशी येते की आधी पायरीवर थांबून आत कोण कोण आहे ते बघणार, मग डोकेदुखीची गोळी मागणार, आणि पैसे देता देता आवाज खाली करून विचारणार, "दादा, ती चहात टाकायची पावडर असती का तुमच्याकडं?"

कसली पावडर ते मला कळतं. नवऱ्याची नाहीतर पोराची दारू सोडवायची, त्याला न सांगता. कुणी चहात टाकायची म्हणते, कुणी आमटीत. आता अशी एक गोळी खरंच आहे, डायसल्फिराम. दारू पोटात गेली की लिव्हर तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं, ते भलतंच विषारी, आणि मग तेही मोडून टाकतं. ही गोळी ते मोडायचं काम अडवते. मग घोटभर घेतली तरी तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, बीपी खाली. ज्यानं स्वतःहून सोडायचं ठरवलंय त्याला धाक राहावा म्हणून डॉक्टर ती देतात, तेही तपासण्या करून. पण ज्याला पत्ताच नाही की चहात काय पडलंय, तो संध्याकाळी नेहमीसारखा अड्ड्यावर जाऊन क्वार्टर रिचवणार, आणि त्यात एखाद्याचा जीवपण जाऊ शकतो. हे सगळं मी प्रत्येक बाईला सांगतो, ती मुकाट ऐकून घेते आणि मग म्हणते, "बरं. मग काय करू?"

इथं माझं घोडं अडतं. म्हणून हे लिहायला बसलोय.

आपल्याकडं दारूचा विषय निघाला की दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते सरसकट बंद करा, संस्कार बिघडले, पोरं वाया गेली. दुसरी म्हणते ज्यानं त्यानं बघावं, पिणारा कुठंही जाऊन पिणारच. वरवर उलट्या वाटतात पण दोघींच्या डोक्यात एकच गोष्ट असते, की दारू हा पिणाऱ्याच्या स्वभावाचा मामला आहे. मला हे पटत नाही. गावात गॅस्ट्रोची साथ आली तर आपण लोकांचे संस्कार काढत नाही, टाकी बघतो, पाइप कुठं फुटलाय ते बघतो, सलाईन शिल्लक आहे का ते बघतो. दारूचंही तसंच बघायला पाहिजे. किती येते, केवढ्याला मिळते, घरापासून किती पावलांवर मिळते, आणि आजारी पडलेल्याला न्यायचं कुठं. एवढं चारच बघा म्हणतो मी, स्वभावाचं नंतर बघू.

आता कुणी म्हणेल भारतात लोक पितात तरी किती? युरोपात बघा, जेवताना पितात, काही होत नाही. तर आकडे काय म्हणतात बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं २०१९ साली जगात दारूपायी २६ लाख माणसं गेली, त्यातले २० लाख पुरुष. आणि त्याच अहवालात हेही आहे की पोटात गेलेल्या दर लिटरमागं मरणाचं प्रमाण सगळ्यात जास्त कुठं, तर गरीब देशांत. श्रीमंत देश जास्त पिऊन कमी मरतात. आपली सरासरी बेताची दिसते, पण सरासरी काढताना माझी आईपण त्यात धरतात आणि समोरच्या विठ्ठल मंदिरातले माळकरीपण. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरचे १९ टक्के पुरुष पितात आणि बायकांत १ टक्का. म्हणजे शंभरातले ऐंशी बाप्ये शिवतच नाहीत. जे पितात ते मग सगळ्यांच्या वाटची पितात.

आणि कसं पितात ते आपण रोज बघतो. दिवसभर ऊन खाऊन, रिकाम्या पोटी, देशीच्या दुकानात काउंटरला उभ्या उभ्या, सोबत चिमूटभर मीठ नाहीतर चार शेंगदाणे, दहा मिनिटांत बाटली खाली. डॉक्टर लोक १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोलला एक युनिट धरतात. इंग्लिशची एक क्वार्टर म्हणजे १८० मिली, त्यात साधारण ४३ टक्के अल्कोहोल, वजनात ६० ग्रॅमच्या आसपास. सहा युनिट. आपल्याकडं क्वार्टर म्हणजे 'थोडीशीच घेतली' असं धरतात, सहा युनिट कुणी थोडी म्हणणार नाही. त्यातून अंगात मुळातच रक्त कमी, प्रोटीन कमी, बी-वन म्हणजे थायमिन नावाचं व्हिटॅमिन जवळजवळ संपलेलं, एखाद्याला टीबी होऊन गेलेला. दारू प्रतिकारशक्ती खाते म्हणून टीबी परत उठतो, टीबीच्या गोळ्या लिव्हरवर पडतात, लिव्हर आधीच दारूनं सुजलेलं, कावीळ होते, मग गोळ्या बंद, मग टीबी अजून जोरात. हे चक्र मी काउंटरच्या ह्या बाजूनं डोळ्यांनी बघितलंय. श्रीमंतालाही लिव्हर एकच असतं, पण त्याच्या पोटात जेवण असतं, ड्रायव्हर असतो, वर्षातून एकदा बॉडी चेकअप असतं, आणि चार महिने घरी बसला तरी चूल विझत नाही.

लहान बाटलीचं एक बघा. नाईंटी, म्हणजे ९० मिली, ही कुणासाठी काढली? ज्याच्याकडं खंब्याचे पैसे कधीच एकदम साठत नाहीत त्याच्यासाठी. हातात रोजची हजेरी पडते, त्यातून रोज कापता येईल एवढा तुकडा. शाम्पूच्या पुडीचंच गणित. युगांडात हेच दारूचे छोटे पाऊच गल्लोगल्ली झाले होते, शेवटी २०१९ ला त्या सरकारनं पाऊच बंद केले. आपल्याकडं ह्यावर कुणी चकार शब्द काढत नाही, आपल्याला फक्त 'बंदी की चालू' एवढंच भांडता येतं.

आता थोडं आपल्याच घरातलं बोलतो, कारण सांगली साताऱ्याकडच्या माणसानं दारूवर लिहायचं आणि उसावर लिहायचं नाही हे बरोबर नाही. माझा दीड एकर ऊस कारखान्याला जातो. उसाची साखर, साखरेच्या मागं राहिली मळी, मळीचं स्पिरिट, स्पिरिटची देशी. आता बरंच इथेनॉल पेट्रोलमध्ये जातंय ते चांगलं आहे, पण सगळं जात नाही. म्हणजे जानेवारीत माझ्या फडातनं गेलेला ऊस कुठल्या ना कुठल्या बाटलीतनं परत गावात येतच असणार, आणि त्या बाटलीनं आजारी पडलेल्याला लिव्हरचं सिरप विकणार मीच. दोन्हीकडनं माझं पोट चालतं. लाज वाटते का? वाटते. पण लाजेनं काही होत नाही म्हणूनच मी धोरणाचं बोलतोय.

द्राक्षाचंही तसंच. २००१ साली सरकारनं वाईनचं धोरण आणलं, नाशिककडं विंचूरला आणि इकडं आमच्या पलूसला वाईन पार्क झाली. पुढं २७ जानेवारी २०२२ ला सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचा निर्णय झाला, तेव्हा केवढा गोंधळ झाला आठवत असेल, टीव्हीवर 'वाईन म्हणजे दारू नव्हे' असंपण ऐकलं. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळेल म्हणाले. अहो, तासगावचा माणूस थॉमसन, सोनाका, माणिक चमन लावतो, खायला नाहीतर बेदाण्याला. वाईनच्या जातीच वेगळ्या. बेदाणा शेडवर पडून आहे, अवकाळीनं घड सडलेत, त्याला सुपरमार्केटातल्या वाईनचा काय उपयोग? शेतकऱ्याचं नाव पुढं केलं की कुठलीही गोष्ट आपल्याकडं खपते. आणि वाईन हार्टला चांगली वगैरे जे चालतं त्यावर एवढंच, की अल्कोहोल कॅन्सर करतं हे आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेनं १९८८ सालीच सांगून ठेवलंय आणि २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेनं साफ म्हटलं की सुरक्षित असं कुठलंही प्रमाण नाही. मीपण पाहुण्यातल्या फौजीनं कॅन्टीनच्या कोट्यातली आणलेली बाटली सणावाराला घेतलेली आहे, त्यामुळं मी कुणाला उपदेश करायच्या लायकीचा नाही, फक्त ती टॉनिक म्हणून घेत होतो असं सांगणार नाही.

बरं, बंदीचं काय. गंमत म्हणजे महाराष्ट्रात कागदावर बंदीच आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून चालू आहे, त्यानुसार परमिट नसताना पिणं हा गुन्हा. घटनेच्या ४७ व्या कलमातपण दारूबंदीकडं जायला सांगितलंय. आणि त्याच कायद्याच्या आधारानं दुकानांची लायसनं निघतात. चंद्रपूरला २०१५ साली जिल्हाबंदी केली, २०२१ ला उठवली. बंदीनं काहीच होत नाही असं मी म्हणत नाही, बायकांना विचारलंत तर निदान चौकातला तमाशा तरी कमी होतो असं त्या सांगतील आणि ते खरंही असतं. पण बंदीत एक होतं की सरकार हात झटकून मोकळं होतं, आम्ही बंद केली, आता पिणारा गुन्हेगार, आणि गुन्हेगाराला कुणी थायमिनचं इंजेक्शन देत नाही.

उभी बाटली आडवी बाटली, म्हणजे गावातलं दुकान ठेवायचं (उभी) का बंद करायचं (आडवी) ते मतदानानं ठरवायचं, हा आपल्याकडचा चांगला कायदा. जावळी तालुक्यातल्या बायकांनी त्याच्या जोरावर मेढ्यातली दुकानं बंद पाडली, त्यांना माझा दंडवत. पण त्यातली मेख बघा. आधी पंचवीस टक्के सह्या गोळा करायच्या, त्या पडताळायला अधिकारी येणार, मग मतदान, आणि आडव्या बाटलीला मतं किती पाहिजेत, तर आलेल्यांतली निम्मी नाही, यादीतल्या निम्म्यांहून जास्त. आता जावळी, पाटण, माण, खटाव इकडची गावं निम्मी मुंबईला. माथाडीत असलेल्यांची, नव्या मुंबईत चाळीत राहणाऱ्यांची नावं यादीत गावालाच. ती मंडळी आमदारकीला गाड्या करून येतात, बाटलीला कोण गाडी पाठवणार? म्हणजे जो आला नाही तो आपोआप उभ्या बाटलीचा. हा नियम लावला तर आपले किती सरपंच निवडून येतील ते त्यांनीच सांगावं. आणि एवढं करून दुकान हललं तर दोन किलोमीटरवर दुसऱ्या गावच्या हद्दीत. ज्यांनी सोसायचं त्यांनीच सह्यांसाठी दारोदार फिरायचं, आणि लायसन देणाऱ्यानं मात्र इथं आणखी एक दुकान का पाहिजे हे कुणालाच सांगायचं नाही. माझं म्हणणं उलटं करा. नवीन दुकान काढायचं असेल तर त्यानं सह्या आणाव्यात.

कराकडं येतो, कारण सगळा खेळ तिथं आहे. जून २०२५ मध्ये राज्यानं दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं. इंग्लिशवर निर्मिती खर्चाच्या तिप्पट होतं ते साडेचारपट, देशीवर प्रूफ लिटरला (म्हणजे ठरावीक कडकपणाच्या लिटरला) १८० रुपये होते ते २०५. १८० मिलीची कमीत कमी किंमत देशीला ८० रुपये, इंग्लिशला २०५. आणि मधल्या मध्ये एक नवीन प्रकार काढला, धान्यापासूनची 'महाराष्ट्र मेड लिकर', १४८ रुपये. हेतू काय सांगितला, तर १४ हजार कोटी जादा महसूल.

कर वाढवणं बरोबरच आहे, जगात जिथं जिथं दारूचं नुकसान कमी झालं तिथं किंमत, वेळ, दुकानांची संख्या आणि जाहिरात ह्यावरच काम झालंय. पण इथं हेतूतच गडबड आहे. महागली म्हणून माणूस कमी प्यावा असं वाटत असतं तर २०५ ला जमत नाही त्याच्यासाठी १४८ ची पायरी बांधली नसती. गिऱ्हाईक निसटू नये म्हणून जिना केलाय हा. आमच्या धंद्यातपण करतात, कंपनीचं महाग पडलं की जेनेरिक दाखवायचं, फक्त तिथं पेशंटचं भलं होतं.

कुणी विचारेल, आणि विचारायलाच पाहिजे, की देशी महाग केली तर गडी कमी पिणार का घरातलं तेल मीठ कमी होणार? अवघड प्रश्न आहे. माझा अनुभव असा की ज्याला लागलीय तो कितीही महाग करा, आणतो. बायकोचं डोरलं विकतो, शेळी विकतो. नाहीच जमलं तर हातभट्टी, आणि हातभट्टीत मिथेनॉल आलं तर काय होतं ते मालवणीत २०१५ च्या जूनमध्ये दिसलं, शंभरावर माणसं गेली, तीही मुंबईत, जिथं दारूची दुकानं उघडी होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीला २०२१ च्या एप्रिलमध्ये लॉकडाऊनमधी दुकानं बंद म्हणून सॅनिटायझर पिऊन सात जण गेले. तेव्हा आमच्याही दुकानात काहीजण सॅनिटायझरच्या पाच लिटरच्या कॅनचा भाव विचारून जायचे, मी एकाला विचारलं एवढं हात धुऊन कुठं चालला बाबा, तो हसला नाही. तेव्हा कराचा उपयोग होतो तो वीस बावीस वर्षांच्या पोरांना, ज्यांना अजून लागलेली नाही, ज्यांचं खिशातल्या पैशांवर ठरतं. कायद्यानं देशी आणि इंग्लिशला वयाची अट २५ आणि बिअरला २१, काउंटरला वय विचारलेलं मी तरी एकदाही बघितलेलं नाही. आणि ज्याला लागलीय त्याला कर नाही, औषधोपचार पाहिजे. कर वाढवायचा आणि उपचार द्यायचे नाहीत म्हणजे आजारी माणसाकडनं आजाराचं भाडं वसूल करणं झालं. थायलंडनं २००१ ला कायदा करून दारू आणि तंबाखूच्या करावर दोन टक्के जादा लावले आणि ते थेट आरोग्याच्या कामाच्या फंडाला जोडून दिले, मंत्र्याच्या मर्जीवर ठेवले नाहीत. तो पण ऊस पिकवणारा देश आहे. आपल्याला का जमू नये?

उपचाराचं एक उदाहरण सांगतो. माझ्या चुलत्याचा थोरला, ट्रॅक्टरवरनं पडला, मांडीचं हाड मोडलं, मोठ्या खाजगी हॉस्पिटलात ॲडमिट केला. ऑपरेशन चांगलं झालं. तिसऱ्या दिवशी रात्री हात थरथरायला लागले, घामानं चादर भिजली, भिंतीवर किडे दिसतात म्हणायला लागला, नळी उपसली. वॉर्डबॉयनं हात बांधले. चुलती म्हणाली ट्रॅक्टर पडला तिथलंच काहीतरी लागलंय, देवर्षीला बोलवा. मला फोन आला रात्री एक वाजता. मी एकच विचारलं, डॉक्टरांना सांगितलंय का हा रोज किती पितो? सगळे गप्प. केसपेपर भरताना 'काही व्यसन?' असं विचारलं होतं, वहिनींनी 'तसं काही नाही' सांगितलं होतं. सासऱ्यासमोर दुसरं काय सांगणार? पंधरा वर्षं रोजची सवय, ती अचानक बंद पडली की मेंदू असा उसळतो, पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येते, भ्रम होतो, वेळेत औषध नाही दिलं तर माणूस दगावतो. औषध काही सोन्याचं नाही, झोपेच्या गटातल्या गोळ्या हळूहळू कमी करत द्यायच्या आणि थायमिन. वाचला तो. पण मोडलेल्या हाडानं नाही, झाकलेल्या लाजेनं मरत होता, आणि ती लाज आपण संस्कार संस्कार करून गावानं मिळून तयार केलीय.

म्हणून मला व्यसनमुक्तीची शपथ, दिंडी, ३१ डिसेंबरला अंनिसवाले 'द दारूचा नव्हे, द दुधाचा' म्हणत दूध वाटतात ते, हे सगळं आवडतं, पण ते न लागलेल्यांसाठी. लागलेल्यांसाठी काय आहे? साताऱ्यात दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन आहे, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे, सोन्यासारखं काम. पण एम्सनं २०१९ ला देशभर पाहणी केली, त्यात दारूचं अवलंबित्व असलेल्या ३८ जणांत एकालाच कसलीतरी मदत मिळाली होती. सदतीस जण कुठं गेले? ते माझ्या दुकानात येतात, ॲसिडिटीची गोळी, लिव्हरचं सिरप, झोपेची गोळी द्या म्हणत.

फार काही मागत नाही मी. ग्रामीण रुग्णालयात दोन कॉटा, झोपेच्या गटातल्या त्या गोळ्या आणि थायमिन कायम स्टॉकला, एक ट्रेनिंग झालेली सिस्टर, आठवड्यातनं एक दिवस ओपीडी, बोर्डवर 'व्यसन' शब्द न लिहिता. आशाताई घरोघरी जो फॉर्म भरतात त्यात दारूचा प्रश्न आहेच, पण बीपी जास्त निघालं तर गोळी मिळते, दारू निघाली तर फॉर्ममधला एक मार्क वाढतो आणि फॉर्म फायलीला लागतो. आमच्या आशाताई म्हणतात, "भाऊ, मी विचारून करू काय? पाठवू कुठं?" ह्यांचाही प्रश्न तोच, त्या पावडरवाल्या बाईचा.

परवा एक आली होती, पंचविशीची असेल, कडेवर पोरगं. पावडरच मागितली. मी नेहमीचं सगळं सांगितलं, आणि औषधाच्या पाकिटामागं १४४४६ लिहून दिलं, सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, फोन करून बोल म्हटलं. तिनं पाकीट उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाली, "फोन त्यांच्याजवळच असतो की, दादा."

मी म्हटलं सहाच्या आत ये, दुकानातनं लावू.